पंखांवरचा पावसाचा अंदाज

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा चिंचोळा देश. त्याच्या पूर्व अंगाला मलावी सरोवर लांबच लांब पसरलेलं आहे आणि सरोवराच्या पश्चिम काठावर, देशाच्या उत्तर भागात, एनखाटा बे नावाचं छोटं गाव आहे. १९८८ साली या गावाच्या परिसरातून ८० फुलपाखरं पकडून नेदरलँड्सला, लायडन विद्यापीठात नेण्यात आली. सगळ्या माद्या होत्या आणि सगळ्या पोटात अंडी असलेल्या. नेणारे होते उत्क्रांतीचे अभ्यासक पॉल ब्रेकफील्ड.

फुलपाखरू दिसायला कसं होतं? तपकिरी. दुसरा शब्द सुचत नाही. पंख पसरले तर रुंदी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर; नर थोडा लहान, मादी थोडी मोठी. फुलांवर हे फारसं दिसतच नाही, कारण त्याला मधापेक्षा झाडाखाली पडून आंबलेली फळं जास्त आवडतात. उडणंही जमिनीलगतचं, दोन उड्या मारून पाचोळ्यात बसणारं. फुलपाखरांचे छायाचित्रकार ज्याच्यावर एक फोटो खर्च करून पुढे जातील अशा जातीचं हे. तरीही फळमाशी, उंदीर अशा प्रयोगशाळेतल्या जुन्या जाणत्यांच्या पंगतीत आज ते मानाने बसलं आहे. लायडन, केंब्रिज, लिस्बन, सिंगापूर अशा कितीतरी ठिकाणी त्या ८० माद्यांचे वंशज मक्याच्या कोवळ्या रोपांवर अळ्या होऊन वाढतात आणि मोठे झाले की कुस्करलेल्या केळ्यावर जगतात.

शास्त्रीय नाव बायसायक्लस अनिनाना. ब्रिटिश म्युझियममधल्या आर्थर बटलर यांनी १८७९ साली या जातीचं वर्णन केलं. इंग्रजीतलं बोलीनाव आहे ‘स्क्विंटिंग बुश ब्राऊन’, म्हणजे झुडपांतलं तिरळं तपकिरी. तिरळं का, तर पंखांवर डोळे आहेत. पांढरी बाहुली, तिच्याभोवती काळी तबकडी आणि तिच्याभोवती सोनेरी कडं. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला असे सात डोळे ओळीने असतात, पुढच्या पंखावर दोन, एक लहान आणि एक मोठा.

बायसायक्लस या प्रजातीत शंभराच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्या आफ्रिका खंडातल्याच. त्यातल्या बहुतेकींचं घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं दाट, बारमाही ओलं जंगल. थोड्या जाती मात्र त्या सावलीतून बाहेर पडून सॅव्हानाच्या विरळ जंगलात आल्या. सॅव्हाना म्हटलं की आपल्याला दूरदर्शनवरचं दृश्य आठवतं, पिवळ्या गवताचं सपाट मैदान आणि मधोमध एक छत्रीसारखं बाभूळ. आफ्रिकेचा फार मोठा भाग तसा नाही. मलावी, झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक, टांझानिया या पट्ट्यात ‘मिओंबो’ नावाचं जंगल आहे. तिथे ब्रॅकिस्टेजियासारखी शेंगा धरणारी झाडं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात आणि खाली ऊन पोचतं म्हणून गवत माजतं. आपलं फुलपाखरू या गवतावरचं, म्हणजे त्याच्या अळ्या गवतावर जगतात.

जंगलातून सॅव्हानात येणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. ओल्या जंगलात गवत वर्षभर हिरवं मिळतं. मिओंबोत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस पडतो आणि मे ते ऑक्टोबर टिपूसही नसतो. गवत वाळतं, मग जळतं. सहा महिने अळीच्या तोंडात घालायला काही नाही. प्रौढ फुलपाखरांना अधूनमधून एखादं पडलेलं उंबर मिळेलही, पण पोरांना नाही. त्या सहा महिन्यांत अंडी घालणं म्हणजे ती फेकून देणं. म्हणून या एकाच जातीची वर्षातून दोन तऱ्हेची माणसं जन्माला येतात. माणसं म्हटलं, पण दुसरं काय म्हणायचं? दोघांचा चेहरा वेगळा, स्वभाव वेगळा, आयुष्याचा हिशेबही वेगळा.

पावसाळ्यात जन्मणाऱ्या फुलपाखराच्या पंखांखालचे डोळे मोठे, ठसठशीत असतात आणि पंखावरून एक फिकट पट्टा आडवा गेलेला स्पष्ट दिसतो. हे रूप उतावळं. कोशातून बाहेर पडायचं, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि थोडक्या आठवड्यांत संपायचं. मलावीत एका पावसाळ्यात अशा साधारण दोन पिढ्या होऊन जातात. पावसाळ्याच्या शेवटी जी पिढी बाहेर येते, तिच्या पंखांखाली डोळे जवळजवळ नसतातच. असले तर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके. सगळा पंख वाळक्या पानाचा. अंगाने हे फुलपाखरू थोरलं, पोटात चरबी जास्त, विश्रांतीच्या वेळी शरीराचा खर्च कमी. अंडी घालायची घाई नाही. महिनोन्‌महिने पाचोळ्यात दबून राहायचं, पहिल्या पावसाची वाट पाहायची आणि गवताला कोंब फुटले की मग अंडी.

दोन्ही रूपं शेजारी ठेवली तर जाणकारालाही त्या दोन जाती वाटाव्यात. तसं झालंही आहे, या जातीच्या बाबतीत नाही तरी इतरांच्या. युरोपातल्या ‘मॅप’ नावाच्या फुलपाखराची वसंतातली नारिंगी पिढी आणि उन्हाळ्यातली काळी-पांढरी पिढी यांना लिनियसने १७५८ साली दोन निरनिराळी नावं देऊन टाकली होती. आफ्रिकेतलं प्रिसिस ऑक्टेव्हिया तर थेट फसवतंच. पावसाळ्यात तांबडं-नारिंगी, कोरड्या दिवसांत निळं. दोघांना दोन वेगळ्या जाती समजणं अगदी साहजिक होतं. १८९८ साली तेव्हाच्या सॅलिसबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, गाय मार्शल यांनी तांबड्या मादीच्या अंड्यांतून निळं फुलपाखरू वाढवून दाखवलं आणि वाद मिटवला.

या प्रकरणात हिंदुस्थानचा वाटा मार्शल यांच्याही आधीचा आहे. कोलकात्यात बसून लायोनेल द निसेव्हिल या कीटकशास्त्रज्ञाने गवत खाणाऱ्या तपकिरी फुलपाखरांची अंडी मिळवून, अळ्या पाळून, १८८६ साली एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात लिहिलं की डोळेवाली आणि बिनडोळ्यांची फुलपाखरं ही एकाच आईची लेकरं असतात. त्यातलं एक फुलपाखरू, मेलॅनायटिस लेडा किंवा कॉमन इव्हनिंग ब्राऊन, आपल्या ओळखीचं आहे. दिवेलागणीला ओसरीवर येऊन धडपडतं, दिवसभर पाचोळ्यात पडून राहतं, त्याची अळी गवताबरोबर भाताचं पानही खाते. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली डोळ्यांची रांग असते आणि पाऊस सरला की वाळक्या पानासारखी, प्रत्येकाची नक्षी जराशी निराळी अशी फुलपाखरं निघतात. ही एकच जात कोकणापासून आफ्रिकेपर्यंत आणि तिकडे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. तेव्हा मिओंबोतली गोष्ट अगदीच परक्या मुलखातली नाही.

आता खरा प्रश्न. फुलपाखराच्या पंखावरचा रंग एकदा वाळला की वाळला. तो नंतर बदलत नाही; सरड्यासारखी सोय इथे नाही. म्हणजे कोरडं रूप घ्यायचं की पावसाळी, हे पंख घडतानाच ठरायला हवं. पंख घडतात अळी आणि कोश या अवस्थांत. पावसाळ्याच्या शेवटाला जी अळी गवत खाते आहे, तिच्या भोवती गवत अजून हिरवंगार आहे, पाऊसही पडतो आहे. तिने मोठं होऊन बाहेर पडेपर्यंत मात्र सगळं वाळलेलं असणार. हे तिला कसं कळावं?

तिला कळत नाही. ती गारव्यावरून अंदाज बांधते. मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिकडची थंडी जून-जुलैत पडते आणि पावसाळा सरता सरता, एप्रिल-मेमध्ये, हवा हळूहळू गार व्हायला लागते. कोरडे दिवस आणि थंडी यांची गाठ तिकडे अशी बांधलेली आहे की गारवा आधी येतो आणि दुष्काळ मागून. वर्षाच्या शेवटी पाऊस पडायच्या आधी उकाडा होतो. त्यामुळे पहिल्या पावसानंतर घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी उबेत वाढते. प्रयोगशाळेत हे थेट करून पाहता येतं. अळ्या २७ अंश सेल्सिअसला वाढवल्या की मोठ्या डोळ्यांची पावसाळी फुलपाखरं मिळतात, १७ ते २० अंशांना वाढवल्या की डोळे मिटलेली कोरडी. आई तीच, अन्न तेच, दोन कपाटांतला फरक फक्त तपमानाचा. मधलं तपमान ठेवलं तर मधले डोळे येतात, पण जंगलात असे मधले नमुने कमीच दिसतात.

हा संदेश तपमानापासून पंखापर्यंत पोचतो कसा, हे उलगडायला बराच काळ लागला. उष्णतेत वाढणाऱ्या आणि गारव्यात वाढणाऱ्या अळ्यांच्या अंगात एक संप्रेरक कमी-जास्त वेळेला चढतं. हे संप्रेरक एक्डायसोन गटातलं, म्हणजे तेच ज्याच्यामुळे किडे कात टाकतात. निसर्गाने नवीन औषध तयार केलं नाही, घरात होतं तेच नव्या कामाला लावलं. अळीचं खाणं संपून ती कोशासाठी जागा शोधत भटकायला लागते, तो काळ फार महत्त्वाचा. त्या थोड्या वेळात संप्रेरकाची पातळी जास्त असली तर डोळे मोठे होतात, कमी असली तर लहान. ब्रेकफील्ड यांच्या गटाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून असा एक वाण तयार केला होता, ज्याला उबेत वाढवलं तरी डोळे येत नसत. त्याच्या कोवळ्या कोशांना हे संप्रेरक टोचलं तेव्हा डोळे आले.

त्यात एक गंमत सापडली, जी मला सगळ्यात जास्त भावते. फुलपाखरू बसतं तेव्हा पंख मिटतं. मग दिसतात त्या पंखांच्या खालच्या बाजू. वरच्या बाजूचे डोळे झाकले जातात. ऋतूप्रमाणे प्रचंड बदलतात ते फक्त खालचे. वरचे जवळजवळ आहेत तसेच राहतात. एकाच पंखाच्या दोन बाजू, दोहोंवर एकाच पद्धतीने काढलेले डोळे, मग एकाला हवामान कळतं आणि दुसऱ्याला नाही, असं का? सिंगापूरच्या अंतोनिया मोंतेरो आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं की मागच्या पंखाखालच्या डोळ्यांच्या मध्यावरच्या पेशींमध्ये या संप्रेरकाला ओळखणारा ग्राहक रेणू असतो. पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या डोळ्यात तो नसतो. दवंडी सगळ्या गावात पिटली जाते, पण ज्याच्या दाराला कान आहेत त्यालाच ऐकू येते. वरच्या डोळ्यांनी ऋतूकडे लक्ष न देण्याचं कारण पुढे येतं.

हे डोळे कशासाठी? घुबडासारखे दिसून शत्रूला घाबरवण्यासाठी, असं आपण शाळेत वाचलेलं असतं. मोठ्या फुलपाखरांबद्दल ते काही अंशी खरं असेल. इतक्या चिमुकल्या डोळ्यांनी मात्र कोणी घाबरत नाही. इथे काम वेगळं आहे. २०१५ साली कॅथलीन प्रुडिक, मोंतेरो आणि इतरांनी या फुलपाखरांना खंडोबाच्या घोड्यासमोर ठेवलं. खंडोबाचा घोडा म्हणजे पुढचे दोन पाय जोडून बसणारा, आणि हात जोडलेले असले तरी भक्त नसलेला, तो कीटक. मोठ्या डोळ्यांची फुलपाखरं त्याला लवकर दिसायची, पण त्याचा वार त्यांच्या पंखाच्या कडेला, डोळ्यांवर बसायचा. फुलपाखरू पंखाचा एक तुकडा सोडून देऊन निसटायचं. धड आणि डोकं वाचलं की फुलपाखराचं भागतं. अंडी धडात असतात. डोळे म्हणजे चोरासाठी उघड्यावर ठेवलेलं पाकीट, खरी रक्कम आतल्या खिशात. कोरड्या रूपाचं फुलपाखरू खंडोबाच्या घोड्याला उशिरा दिसायचं, पण एकदा दिसलं की त्याला वाचवायला डोळे नसायचे.

पावसाळ्यात सापळ्यासारखे डोळे कामाचे, कारण भोवती हिरवं आहे, किड्यांचे शत्रू पुष्कळ आहेत आणि जोडीदार शोधायला सतत हिंडायचं असल्यामुळे दिसणं काही टळत नाही. दिसणारच असाल तर वार कुठे बसेल ते तरी ठरवा. कोरड्या दिवसांत सगळं पिवळं-तपकिरी, हालचाल नाही, आणि तिथे पांढऱ्या बाहुल्या चमकवणं म्हणजे शत्रूला स्वतःच पत्ता सांगणं. त्या काळात पाचोळ्याचंच होऊन राहणं शहाणपणाचं. फिनलंडमध्ये पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगातही वाळक्या पानांवर बसलेली डोळे नसलेली फुलपाखरं जास्त वाचली.

पण एक डोळा, एवढा गोल, रेखीव, तो काढतो कोण? १९८० साली अमेरिकेतल्या फ्रेड नाइहाउट यांनी बकआय नावाच्या दुसऱ्या फुलपाखरावर साधा पण अंगावर काटा आणणारा प्रयोग केला होता. कोशातल्या कोवळ्या पंखावर जिथे पुढे डोळा येणार त्या जागेच्या मधोमध असलेला पेशींचा बारीक तुकडा त्यांनी जाळून टाकला. तिथे डोळा आला नाही. तोच तुकडा काढून पंखावर दुसरीकडे बसवला तर डोळा तिथे आला. म्हणजे मधल्या थोड्या पेशी भोवतालच्या पेशींना काहीतरी सांगत असतात. जवळच्यांना तीव्र ऐकू येतं, लांबच्यांना पुसट. जवळच्या काळ्या होतात, लांबच्या सोनेरी. पाण्यात खडा टाकला की वर्तुळं उठतात तसंच, फक्त ती वर्तुळं इथे खवल्यांच्या रंगात गोठून जातात. ब्रेकफील्ड आणि व्हर्नन फ्रेंच यांनी आपल्या तपकिरी फुलपाखरावर हेच करून पाहिलं आणि निकाल तोच आला.

मग त्या मधल्या पेशींत कोणतं जनुक जागं असतं? १९९४ साली शॉन कॅरोल यांच्या गटाने बकआयमध्ये आणि १९९६ साली ब्रेकफील्ड, कॅरोल आणि इतरांनी आपल्या फुलपाखरात ते शोधलं. नाव डिस्टल-लेस. हे जनुक सगळ्या किड्यांमध्ये असतं आणि त्याचं जुनं काम असतं पाय, मिशा अशा बाहेर येणाऱ्या अवयवांची टोकं घडवणं. फळमाशीत ते बिघडलं की पाय थोटा होतो. आणि इथे तेच पंखावर ठिपका काढायला बसलं आहे. २०२२ साली मोंतेरो यांच्या गटाने पुढचा दुवा जोडला: डोळ्याच्या मध्यात जागी असणारी जनुकांची फौज सगळ्यात जास्त मिळतीजुळती आहे ती मिशीच्या जनुकांशी. मिशी घडवण्याची अख्खी पाककृती कधीतरी पंखाच्या पानावर उतरवली गेली आणि तिथे मिशीऐवजी डोळा शिजला, असं म्हणा. आपलं फुलपाखरू ज्यातलं, त्या निम्फॅलिड कुळाच्या वंशावळीत हे घडलं साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी, आणि पहिले डोळे उगवले ते मागच्या पंखाच्या खालच्या बाजूलाच. बाकी ठिकाणी ते नंतर पसरले.

या फुलपाखराचं प्रयोगशाळेत नाव झालं त्याचं आणखी एक कारण म्हणजे त्याच्या बिघडलेल्या मुलांची गर्दी. पाळलेल्या हजारो फुलपाखरांत अधूनमधून असं एखादं निघतं की ज्याचे डोळे अवाढव्य, किंवा सगळे डोळे वितळून एक झालेले, किंवा काळ्या तबकडीच्या जागी सोनं. संशोधकांनी त्यांना बिगआय, सायक्लोप्स, गोल्डनआय अशी नावं ठेवली आहेत. पुढच्या पंखावर दोनाऐवजी चार डोळे असतात तो ‘स्पॉटी’. यातल्या प्रत्येकाचं बारसं करताना या मंडळींना मजा आली असणार.

निवड करून डोळे किती वाकवता येतात याचेही प्रयोग झाले. पात्रिसिया बेल्दाद आणि ब्रेकफील्ड यांनी पुढच्या पंखावरच्या दोन डोळ्यांपैकी एक मोठा आणि दुसरा लहान करायचा चंग बांधला. वास्तविक दोन्ही एकाच साच्यातले, तेव्हा ते एकत्रच मोठे-लहान व्हायला हवेत. पंचवीसेक पिढ्यांच्या निवडीनंतर मात्र ते हट्टाने एकमेकांच्या विरुद्ध दिशेला गेले. रंगाच्या बाबतीत हा हट्ट चालला नाही. एका डोळ्यात सोनेरी जास्त आणि दुसऱ्यात काळं जास्त, हे काही केल्या साधलं नाही. आकारात मोकळीक आणि रंगात बांधिलकी. नैसर्गिक निवड काहीही घडवू शकते असं मानणाऱ्यांनी हा निकाल थोडा वेळ डोक्यात ठेवावा.

आता वरच्या बाजूच्या, मिटलेल्या पंखांत झाकल्या जाणाऱ्या डोळ्यांकडे परत येऊ. ते शत्रूसाठी नाहीत, जोडीदारासाठी आहेत. नर मादीसमोर पंख फडफडवतो तेव्हा ते दिसतात, आणि मादी बघते ती त्यातल्या पांढऱ्या बाहुलीचं तेज. त्या बाहुल्या अतिनील प्रकाशात चमकतात, जो आपल्याला दिसत नाही आणि फुलपाखरांना दिसतो. शत्रूसाठीचं ऋतूप्रमाणे बदलायलाच हवं. लग्नाच्या बाजारात दाखवायचं ते इतकं बदलून चालत नाही.

तरी लग्नाच्या बाजारातही ऋतूचा हात आहेच. २०११ साली प्रुडिक आणि मोंतेरो यांच्या गटाने सायन्स या नियतकालिकात जाहीर केलं की पावसाळी रूपात नर मादीच्या मागे लागतात आणि मादी पारखून घेते. कोरड्या रूपात सगळं उलटं होतं: मादी पुढाकार घेऊन नराभोवती घिरट्या घालते आणि नर नाक मुरडतो. कारण पोटाचं आहे. मीलनाच्या वेळी नर मादीला शुक्रजंतूंबरोबर पोषक द्रव्याची एक पुडीही देतो. कोरड्या दिवसांत ती पुडी मिळालेली मादी जास्त दिवस जगते आणि ती देणारा नर मात्र लवकर मरतो. जो देणार त्याने बघून द्यावं, आणि जिला घ्यायचंय तिने मागावं. त्यामुळे त्या काळात नटणंही उलट्या बाजूला जातं. पावसाळ्यात बाहुल्यांचं तेज नरांकडे जास्त असतं, कोरड्या दिवसांत माद्यांकडे.

निवडीत वासाचाही वाटा आहे. नराच्या पंखांवरच्या गंधखवल्यांतून निघणाऱ्या फेरोमोनमध्ये तीन घटक असतात. त्यांच्या प्रमाणावरून मादीला नराचं वय समजतं आणि ती अगदी कोवळा टाळून मधल्या वयाचा पसंत करते. शिवाय हा किडा शिकतोही. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्यांना चार डोळ्यांच्या स्पॉटी नरांसोबत थोडा वेळ ठेवलं तर पुढे त्या चार डोळेवाल्यांनाच पसंत करू लागतात. मात्र डोळेच नसलेल्या नरांसोबत ठेवून बिनडोळ्यांची आवड काही लावता आली नाही. जास्तीची चटक लागते, कमीची लागत नाही. अळ्यांना केळ्यासारखा वास लावलेली पानं खाऊ घातली तर त्यांना त्या वासाची गोडी लागते आणि ही गोडी पुढच्या पिढीच्या, तो वास कधीच न घेतलेल्या, अळ्यांतही काही प्रमाणात उतरते.

या सगळ्या हुशारीची मदार एका गोष्टीवर आहे: गारवा आला की मागून दुष्काळ येतो, ऊब आली की मागून पाऊस. फुलपाखराने आपला सगळा पैसा या एका खात्यात ठेवला आहे. हवामान बदलतंय ते दोन्ही गोष्टी एकाच मापाने बदलत नाही. पावसाळा सरताना हवा पूर्वीसारखी गार झालीच नाही, पण पाऊस मात्र वेळेवर गेला, तर उबेत वाढलेली अळी मोठ्या डोळ्यांची, चरबी न साठवलेली, उतावळी होऊन बाहेर येईल. समोर वाळकं गवत असेल आणि पिवळ्या पाचोळ्यावर तिचे पांढरे ठिपके लांबून चमकत असतील. रूप चुकलं की एका पिढीचं चुकलं, आणि इथे वर्षाला जेमतेम तीन पिढ्या.

मग ही जात अंदाजाचा नियम बदलून घेईल का? त्यासाठी हवी विविधता. काही फुलपाखरं तपमानाकडे जास्त लक्ष देणारी, काही कमी, म्हणजे निवडीला काही हाताशी लागेल. व्हिसेन्सिओ ओस्त्रा आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये मांडलेला निष्कर्ष फार दिलासा देणारा नाही: या जातीत तपमानाला दिलेल्या उत्तरातली आनुवंशिक विविधता फारच थोडी सापडली. नियम इतका उपयोगी ठरला की सगळ्यांनी तोच पाठ केला, आणि वेगळा नियम म्हणणारे उरलेच नाहीत.

इकडे एनखाटा बेच्या त्या ८० माद्यांचे वंशज अजून २७ अंशांच्या कपाटांत नांदताहेत. तिथे बारमाही पावसाळा असतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत पाचेक आठवडे लागतात, तेव्हा १९८८ पासून आतापर्यंत शेकडो पिढ्या होऊन गेल्या. त्यातल्या बहुतेकांनी वाळकं गवत पाहिलेलं नाही, मलावीचा जून पाहिलेला नाही, वणवा पाहिलेला नाही. त्यांच्या अळ्या मक्याच्या रोपावर चढवून कपाटाचं बटण १७ अंशांवर फिरवलं, की दोन-तीन महिन्यांनी कोश फुटतात आणि बाहेर येतात ती पाचोळ्याच्या रंगाची, थोरल्या अंगाची, डोळे मिटलेली फुलपाखरं. पंख वाळवून ती कपाटाच्या जाळीवर गप्प बसतात.